दुसरा ट्रम्पेट

आबा जे गुणगुणायचे त्याला गाणं म्हणायला आमच्या घरात कोणी तयार नव्हतं. सकाळी गोठा काढताना, परसात आरसा टांगून दाढी करताना, पावसाळ्याआधी पडवीत बसून इरली विणताना त्यांच्या नाकातोंडातून एक आवाज निघत राही. एकच सूर बराच वेळ धरलेला, मग एक पायरी खाली, मग दोन तुटक हुंकार, मग मधेच गप्प, आणि आपण विसरून गेलो की पुन्हा तोच सूर. त्याला ना सुरुवात होती ना शेवट. आई म्हणायची, कुडात भुंगा अडकलाय. आबांचे थोरले भाऊ तात्या, ज्यांच्या शब्दावर आमचं घर आणि शेत दोन्ही चालायचं, ते म्हणायचे, आपल्या घराण्यात बेसूर कोणी नव्हता, मुंबईनं एक करून धाडला. आबा यावर हसायचे आणि थोडं थांबून पुन्हा सुरू करायचे. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, मात्र तो भुंगा तोंडपाठ होता. ती तान्ही असताना आबा रजेवर आले की तिला पायांवर आडवी घेऊन हेच गुणगुणत झोपवायचे म्हणे. जात्यावर बसली की एक ओवी संपून दुसरी सुचेपर्यंतच्या जागेत तिच्या तोंडून तेच निघायचं, आणि आपण काय म्हणतोय हे तिचं तिला कळायचंही नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळीचा घाट चढायला लागतो त्याच्या अलीकडच्या उतारावर. घरासमोरून दगडी पायऱ्यांची पाखाडी खाली उतरायची ती थेट रस्त्याला. महाबळेश्वरकडे जाणारी एस.टी. त्या रस्त्यानं कण्हत चढायची, वळणागणिक तिचा आवाज बदलायचा, आणि आबा हातातलं काम न थांबवता म्हणायचे, "आता एफवर आली." एफ हे त्या वळणाचं नाव आहे अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. महाडला हायस्कुलात गेल्यावर एका मैत्रिणीला मी सहज सांगितलं की आमचं घर एफच्या वरच्या अंगाला आहे. ती अजून मला त्यावरून चिडवते. आम्ही दोघी आता अठ्ठ्याहत्तरीच्या पुढे आहोत.

जेवण सगळ्या वाडीचं असायचं तेच. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, वर सुकटीची चटणी. पावसात करटुली आणि कुर्डूची भाजी, उन्हाळा सरताना फणसाच्या आठळ्या घातलेली आमटी. पण आमच्या घरात एक जास्तीची गोष्ट होती, ती म्हणजे पाव. आबांना मुंबईत सकाळी पाव खायची सवय लागली होती. मी शनिवारी महाडहून घरी यायची तेव्हा बेकरीतून चार पाव घेऊन यायची, आणि रविवारी सकाळी आई ते तव्यावर तूप सोडून भाजायची. पाव भाजल्याचा वास वाडीभर जायचा. तात्या तो वास आला की मुद्दाम मोठ्यानं भाकरी मागायचे, आणि मग दोन पाव खायचे.

आबा मुंबईत काय करत होते, याचं एक उत्तर ठरलेलं होतं. मोठ्या हॉटेलात कारकून. हे उत्तर आईनं तयार केलं होतं आणि तिनं ते इतक्या वेळा दिलं होतं की तिलाही ते खरं वाटत असावं. दारूबंदी आल्यावर त्या हॉटेलातली माणसं कमी झाली, त्यात आबा घरी आले, एवढं आम्हाला ठाऊक होतं. खरं काय ते मला तेराव्या वर्षी कळलं. आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत नकाशाचं जुनं पुस्तक असल्याचं कोणीतरी सांगितलं म्हणून मी ती उघडली, तर तळाशी एक फोटो. काळे कोट आणि गळ्याशी फुलपाखरासारखी गाठ बांधलेले दहा जण, हातांत चकचकीत वाद्यं, पाठीमागे पडदा. मागच्या रांगेत डावीकडून दुसरे आमचे आबा, केस चापून बसवलेले. त्यांच्या हातात पितळी कर्णा होता. मी फोटो घेऊन गोठ्यात गेले. त्यांनी हात धुतले, फोटो उजेडात धरला आणि एकेका माणसाचं नाव सांगितलं. मग म्हणाले, "ट्रम्पेट म्हंतात त्याला. मी बाजा वाजवायचो गो."

तरुणपणी ते पलटणीत होते हे मला माहीत होतं. पलटणीच्या बँडात त्यांना वाजवायला आणि कागदावरचं संगीत वाचायला शिकवलं होतं, हे माहीत नव्हतं. पलटण सुटल्यावर एका ओळखीच्यानं त्यांना हॉटेलातल्या नाचाच्या बँडात नेलं. तिथं गोव्याकडचे लोक जास्त, वाजवायचे ते जाझ. घरच्या लोकांनी पलटणीतला बँड चालवून घेतला असता, पण जिथं लोक दारू पितात आणि बायका-पुरुष एकमेकांना धरून नाचतात तिथं पोटासाठी बाजा वाजवणं, हे कुणाला सांगायचं? आबा म्हणाले, आईला वाईट वाटतं, तेव्हा बाहेर बोलू नको. मी बोलले नाही. दोन वर्षं.

पुढं जे झालं ते माझ्यामुळं झालं. दहावीच्या वर्गात मराठीच्या बाईंनी 'माझे वडील' असा निबंध दिला. मी महाडला आत्याकडे राहायची. तिच्या ओटीवर बसून मी तो एका दमात लिहिला. बाहेर बोलू नको म्हणजे बोलू नको, लिहिण्याबद्दल आबा काही म्हणाले नव्हते, अशी मी माझी समजूत घातली. पंधराव्या वर्षी माणूस अशा समजुती फार पटकन घालतो. फोटोत जे होतं ते लिहिलं आणि जे नव्हतं तेही लिहिलं. माझे वडील मुंबईतल्या सर्वांत मोठ्या बँडात पहिला ट्रम्पेट वाजवत असत, ते उभे राहिले की नाचणारे लोक नाचायचे थांबून ऐकत असत, साहेब लोक त्यांच्याशी हात मिळवायला येत असत. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तो शाळेच्या वार्षिक हस्तलिखितात घेतला. सुरेख अक्षराच्या एका मुलीनं तो मोत्यासारखा उतरवून काढला, वरती कर्ण्याचं रंगीत चित्र काढलं, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी ते हस्तलिखित हॉलच्या दाराशी टेबलावर उघडून ठेवलं.

त्याच महिन्यात आक्काची सोयरीक जमत आली होती. बिरवाडीकडचं स्थळ, मुलगा मुंबईला गोदीत, घरी भातशेती. तात्यांनी दोन वर्षं खेटे घालून ते जुळवलं होतं. मुलानं आक्काला पाहिलं होतं, आक्कानंही त्याला पाहिलं होतं. तो तिला आवडला होता. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं, विहिरीवर, घागर डोक्यावर ठेवून घेता घेता, म्हणजे मला तिचं तोंड नीट दिसू नये अशा बेतानं. मुलाचे काका स्नेहसंमेलनाला आले होते, कारण त्यांची पुतणी नाचात होती. दाराशी थांबून त्यांनी ते पान वाचलं. खाली माझं नाव, आडनाव, गाव, सगळं होतं.

निरोप तात्यांकडे आला. शनिवारी मी पाव घेऊन घरी पोचले तेव्हा तात्या पडवीत उभे होते, आबा खाली बसले होते आणि आई दाराच्या चौकटीला टेकली होती. चुलीत जाळ नव्हता. तात्या आवाज न चढवता बोलत होते, आणि ते जास्त वाईट होतं. बिरवाडीकरांनी सांगून पाठवलं होतं की वाजंत्र्याच्या घरातली पोर आम्हाला नको, आणि कारकून म्हणून सांगून फसवणाऱ्यांच्या घरातली तर मुळीच नको. तात्यांना हे सोसत नव्हतं, कारण फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांनाही आबा कारकून होते असंच माहीत होतं. सख्ख्या भावानं आपल्यापासून हे लपवलं याचं त्यांना मोडलेल्या सोयरिकीहून जास्त लागलं होतं. आज मला वाटतं, त्या दिवशी पडवीत एक शब्द शिवीसारखा आला याचं कोणालाच काही वाटलं नाही, तो शब्द म्हणजे 'वाजंत्री'. आमच्या लग्नांत, पालखीत खालू बाजा वाजवणारी माणसं मांडवाबाहेर बसायची आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायची. आपल्याला कोणी त्यांच्यात मोजलं म्हणून आम्ही सगळे रडलो. त्यांना तसं बसवलं म्हणून कधी कोणी रडलं नव्हतं. मीही नाही.

आबांनी मला जवळ बोलावलं आणि काय लिहिलंय ते वाच म्हणाले. माझ्या वहीत कच्चा निबंध होता. मी उभ्यानं वाचला. मी दोनदा अडखळले, दोन्ही वेळा ते म्हणाले, वाच. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर ते पाखाडीकडं बघत राहिले. मला वाटलं आता मारतील. त्यांनी आयुष्यात मला मारलं नव्हतं.

"एक चुकलंय," ते म्हणाले. "मी पयला नव्हतो गो. दुसरा व्हतो. पयला फ्रान्सिस."

तात्यांनी कपाळावर हात मारला. आबा माझ्याशीच बोलत राहिले. म्हणाले, लोक थांबून ऐकायचे ते फ्रान्सिसला. हात मिळवायचे ते फ्रान्सिसशी. "तू त्याचं काडून मला दिलंस. त्याचं त्याला राहूं दे. माझं जेवडं हाय तेवडं लिव."

मग ते उठून तात्यांसमोर गेले आणि त्यांच्या पायांना हात लावला. तात्या पाय मागे घेऊन शेताकडे निघून गेले.

आक्का त्या दिवसापासून माझ्याशी बोलायची थांबली. ती रागावली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. ती माझी सगळी कामं पूर्वीसारखीच करायची. सोमवारी पहाटे मला महाडला निघायचं असायचं, तेव्हा उठून भाकरी बांधून द्यायची, मला समोर बसवून केस विंचरायची, दोन वेण्या घालायची. सगळं मुकाट्यानं. काही सांगायचं असेल तर मांजराला सांगायची. "मने, एस.टी.ची वेळ झाली म्हनावं." मी मांजराला उत्तर द्यायची. सुरुवातीला मला वाटलं हा खेळ आठवड्यात मोडेल. शिमगा जवळ आला तरी मोडला नाही.

आबांनी मात्र त्या दिवसानंतर लपवणं सोडून दिलं. दर रविवारी पाव खाऊन झाले की मी वही घेऊन पडवीत बसायची आणि ते सांगायचे. सलग सांगता यायचं नाही त्यांना. वाद्य हॉटेलचं होतं ते तिथंच राहिलं, म्हणून हातात काठी धरायचे आणि तिच्यावर तीन बोटं चालवत बोलायचे. ओठांना दुपारी तूप लावावं लागतं. श्वास छातीतून नाही, पोटातून. एफ हे वळणाचं नव्हे, सुराचं नाव. कागदावरचं मी काहीही वाजवीन, पण कागदाबाहेरचं मला एक अक्षर जमलं नाही. फ्रान्सिस कागदाबाहेर जायचा आणि मी इथं बसून राहायचो. मी विचारलं, कागदाबाहेर म्हणजे कुठं? ते म्हणाले, ते त्यालाच विचार, मला तिथलं काय म्हाईत. त्यांनी हे बोलण्याच्या ओघात म्हटलं होतं, पण मी ते शब्दशः घेतलं. धोबीतलावाला गोव्याच्या पुरुषांच्या एका क्लबात फ्रान्सिस राहायचे, तो पत्ता आबांना पाठ होता. मी त्यांना मराठीत तीन पानी पत्र लिहिलं आणि आकडे घालून अकरा प्रश्न विचारले.

पुढं आयुष्यात मी अशी शेकड्यांनी पत्रं लिहिली. शाळेत मास्तरकी करत, सुट्ट्यांत वांद्र्याच्या गल्ल्या आणि गोव्याची गावं पालथी घालत मी त्या जुन्या बँडांतल्या माणसांची पाच चरित्रं लिहिली, आणि प्रत्येकाची सुरुवात अशाच एका पत्रानं झाली. हल्ली गावी जाताना वीर स्टेशनला उतरते आणि रिक्षा करते, तेव्हा रिक्षावाला विचारतो, आजी, काय करता? मी सांगते, जाझ वाजवणाऱ्यांची चरित्रं लिहिते. तो आरशातून एकदा बघतो आणि रस्त्यावर लक्ष देतो.

फ्रान्सिसनी पत्राला उत्तर दिलं नाही. ते स्वतःच आले. एका रविवारी सकाळी खालून कोणीतरी ओरडत आलं की पोलादपूरच्या गाडीतून एक कोटवाला उतरलाय आणि आबांचं घर विचारतोय. आबा गोठ्यातून तसेच पाखाडी उतरायला लागले, पायात काही न घालता. मी मागे धावले. अर्ध्या वाटेवर तो माणूस दिसला: काळासावळा, आबांहून उंच, भर उन्हात काळा कोट, एका हातात वाद्याची पेटी आणि दुसऱ्या हातात रुमालात बांधलेला केक. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. पाखाडी अरुंद, त्यामुळं एक वर, एक खाली. फ्रान्सिस म्हणाले, "तू जाडा झालास." आबा म्हणाले, "चल, पिठी खायला घालतो."

आईला पाहुण्यासमोर काय करावं सुचेना. ख्रिस्ती माणूस आमच्या माजघरात पहिल्यांदाच जेवणार होता. तात्या काय म्हणतील म्हणून तिनं आबांकडं पाहिलं, पण तात्या स्वतःच येऊन पाटावर बसले होते; भावाच्या आयुष्यात काय होतं ते बघायचं त्यांनी ठरवलं असावं. फ्रान्सिसनी कुळथाची पिठी दोनदा मागून घेतली, सुकटीची चटणी बोटानं चाटली, आणि आपल्या कोकणी वळणाच्या मराठीत आईला सांगितलं की माझ्या आईनंतर अशी पिठी मी आज खाल्ली. आई तिथून पुढं त्यांना भाऊजी म्हणाली.

जेवण झाल्यावर त्यांनी माझं पत्र खिशातून काढलं. क्लबातल्या एका मराठी वाचणाऱ्याकडून ते वाचून घेतलं होतं, घड्यांवर फाटलं होतं. अकरा प्रश्नांची उत्तरं द्यायला मी आलोय, म्हणाले, पण आधी एक तू न विचारलेलं सांगतो. आबांकडं न बघता त्यांनी सांगितलं की माणसं कमी करायची ठरली तेव्हा मॅनेजरनं फ्रान्सिसलाच विचारलं होतं, कोणाला काढू. दुसरा ट्रम्पेट म्हणावा की दुसरा सॅक्सोफोन, एवढाच प्रश्न होता. "मी गप बसलो. तो म्हणाला, मग ट्रम्पेट. मी तरी गप. सात वर्सं हा माझ्या बाजूला बसला, आणि मी गप बसलो."

माझी पेन्सिल हातातच राहिली. हे लिहायचं की नाही हे मला कळेना, आणि मी आबांकडं पाहिलं.

"मला म्हाईत हाय," आबा म्हणाले. "त्या सॅक्सोफोनवाल्याला चार पोरं व्हती. मी पन गप बसलो असतो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तो सांगतोय तर लिव."

फ्रान्सिसनी पेटी उघडली. आम्ही पडवीत आलो. त्यांनी ट्रम्पेट काढून थोडी फुंकर मारली, दोनचार सूर घोळवले, आणि आबा सवयीनं त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसले. फ्रान्सिस हळू वाजवायला लागले. ते गाणं संथ होतं, वर जाऊन वळण घेऊन परत येणारं, सहज ओठांवर बसेल असं. दोन ओळी झाल्या आणि आबांनी खालून आपला भुंगा सुरू केला. तोच लांब धरलेला सूर, मग एक पायरी खाली, मग दोन तुटक हुंकार. आणि जिथं आबा गप्प व्हायचे तिथं फ्रान्सिसचा सूर येत होता, आणि जिथं फ्रान्सिस श्वास घेत होते तिथं आबांचे दोन हुंकार पडत होते. इतकी वर्षं आम्ही ऐकत होतो ते अर्धं गाणं होतं. दुसरं अर्धं मुंबईला राहिलं होतं.

आई हातातलं सूप खाली ठेवून हळूच म्हणाली, "असं हाय होय ते."

मग आबांचा सूर मधेच तुटला. फ्रान्सिस थांबले नाहीत, पण त्यांचे डोळे बाजूला वळले. आणि त्याच वेळी माजघराच्या दारातून तो सूर पुन्हा उचलला गेला. आक्का दाराआड उभी होती. तिच्या हातात उष्टी ताटं होती आणि ती आबांची जागा गात होती, जात्यावर गायची तशीच, आपसूक. फ्रान्सिसनी गाणं एकदा पुरं केलं, आणि मग ते कागदाबाहेर गेले. ट्रम्पेट वर गेला, तुटला, हसला, खाली कोसळला, पुन्हा भलतीकडून आला. मी आयुष्यात पहिल्यांदा जाझ ऐकत होते आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. आक्का मात्र आपल्या सुरावरून जराही सरकली नाही. आबा मान खाली घालून ऐकत होते. सात वर्षं त्यांनी तो सूर आतून वाजवला होता. बाहेर बसून तो कसा ऐकू येतो हे त्यांना त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

संपल्यावर फ्रान्सिस आक्काकडं बघून आबांना म्हणाले, "तुझ्यासारखीच. हलत नाय." आणि मला सांगितलं, वहीत लिही, मी कुठंही गेलो तरी हा परत यायची जागा धरून ठेवायचा. लोकांना वाटायचं मी धीट आहे. तात्या उठले, परसात गेले आणि थोड्या वेळानं पाहुण्यासाठी झाडावरच्या चार पिकल्या पपया घेऊन आले. दुपारच्या गाडीपर्यंत त्यांनीच त्या खाली नेऊन दिल्या. तेव्हापासून मी कोणाचंही चरित्र लिहायला घेतलं की पहिला प्रश्न हा विचारते, तुमच्या बाजूला कोण बसायचं?

दुसऱ्या दिवशी पहाटे आक्कानं मला नेहमीसारखं समोर बसवलं. चिमणीच्या उजेडात ती विंचरत होती. एक वेणी झाली, दुसरीचा पेड घातला, आणि ती म्हणाली, "घट्ट झाली काय गो?"

झाली होती. मी नाही म्हटलं. तिनं वेणी सोडून पुन्हा घातली, सैलसर.

"वहीत माझं बी लिवनार काय?" तिनं विचारलं.

"तू सांगशील तसं."

तिनं वेणीचं टोक बांधलं. "लगीन ठरूं दे आधी," म्हणाली.

ते ठरायला आणखी वर्ष गेलं. स्थळ कापड्याकडचं होतं, मुलगा एस.टी.त कंडक्टर. या खेपेला आबांनी तात्यांना सांगितलं की बोलायला मीच जाणार. तात्या म्हणाले, जा. आबांनी मला बरोबर घेतलं. मला वाटतं, त्यांना एक साक्षीदार हवा होता. मुलाचे वडील अंगणात दोर वळत बसले होते, सत्तरीचा बारीक माणूस, छाती आत गेलेली, बोलताना धाप लागणारा. आबांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं की मी कारकून नव्हतो, मुंबईच्या हॉटेलात बाजा वाजवायचो, दुसरा, आणि एक सोयरीक त्यावरून मोडली आहे, तेव्हा काय ते आताच बोला.

म्हातारबुवांनी दोर बाजूला ठेवला. आबांच्या छातीकडं पाहिलं.

"दम लई लागत आसंल नाय?" त्यांनी विचारलं.

आबा बुचकळ्यात पडले. मग म्हणाले, दम छातीत घेतला तर लागतो, पोटात घ्यायचा असतो. म्हाताऱ्यानं विचारलं, म्हणजे कसा? आबांनी दाखवलं. पोटावर हात ठेवून, खांदे न उचलता, नाकानं आत आणि ओठ मिटून बारीक धारेनं बाहेर. म्हाताऱ्यानं करून बघितलं, खोकला आला. आबा उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले, त्यांचा हात आपल्या पोटावर ठेवला आणि म्हणाले, आता माझ्याबरोबर घ्या. घरातून मुलाची आई चहा घेऊन आली, तर अंगणात दोन माणसं एकमेकांच्या पोटाला हात लावून गपचूप श्वास घेत बसलेली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? तिनं चहा खाली ठेवला आणि तीही बघत उभी राहिली. चार-पाच वेळा झाल्यावर म्हाताऱ्यानं सलग दहा आकडे मोजले, धाप न लागता, आणि लहान मुलासारखं हसून बायकोकडं बघितलं.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा तात्या पाखाडीच्या तोंडाशीच उभे होते आणि आई, आक्का दाराशी. ठरलं काय, म्हणून तात्यांनी विचारलं. आबांनी माझ्याकडं पाहिलं, मी आबांकडं. दोघांच्याही ध्यानात आलं की आम्ही ते विचारलंच नव्हतं. तात्या काही बोलणार तेवढ्यात आक्का हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी तिचं हसू थांबेना. मग आईला आलं, आणि शेवटी तात्यांनाही. तिसऱ्या दिवशी कापड्याहून माणूस आला, हातात वरीच्या तांदळाची टोपली. म्हणाला, सुपारी कधी फोडायची ते बुवांनी विचारलंय, आणि येताना मुलीच्या बापाला जरा लौकर यायला सांगितलंय.